वाळवंटातली वासाची झुडपं आणि आमची पाच एकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात ट्वेंटीनाइन पाम्स नावाचं गाव आहे. त्याच्या पूर्वेला डांबरी रस्ता सोडून मातीच्या रस्त्याला लागलं की मोहावी वाळवंटात आमची पाच एकर जमीन येते. फोटो बघणारा विचारतो, "त्यात पिकतं काय?" आणि गाडीतून उतरणारा विचारतो, "हा वास कसला?" फोनवर, व्हॉट्सअॅपवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे उत्तरं देऊन झाली. आता एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

हा वास कसला? कुठे काही जळतंय का?

काही जळत नाही. तो क्रिओसोट बुशचा वास आहे. कंबरेपासून डोक्यापर्यंत उंचीचं, विरळ फांद्यांचं, तेलकट हिरव्या बारीक पानांचं झुडूप. आमच्या जमिनीवर नव्वद टक्के तेच आहे. शास्त्रीय नाव लारिया ट्रायडेंटाटा. मोहावी, सोनोरन आणि चिवावा या तिन्ही उष्ण वाळवंटांत, म्हणजे कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंत आणि खाली मेक्सिकोत, याचंच राज्य. मेक्सिकोत त्याला 'गोबेर्नादोरा' म्हणतात, म्हणजे राज्य करणारी. दुसरं नाव 'एदिओंदिया', म्हणजे छोटी घाणेरडी. आपल्याकडे टणटणीला घाणेरी म्हणतात, त्याच चालीवरचं नाव. लोक कुठलेही असोत, नाव नाकानेच ठेवतात.

पानांवर राळेचा थर असतो. कोरड्या पानाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, कधी त्याहून जास्त, नुसती राळ. ती पानातलं पाणी उडू देत नाही, उन्हाचा मारा परतवते आणि खायला आलेल्या जनावराचं तोंड कडू करते. कोरड्या हवेत वास मंद असतो. तो नीट घ्यायचा तर एक डहाळी ओंजळीत धरा, तिच्यावर तोंडाने गरम वाफ सोडा आणि लगेच हुंगा. पहिल्या पावसाचा वास येतो, पण आपला नाही. मातीचा कमी, डांबर आणि कापूर जास्त. आमच्या आईला तो पहिल्यांदा दिला तेव्हा ती म्हणाली, "हा तर स्टेशनचा वास."

स्टेशनचा म्हणजे?

आई बरोबर बोलली. रेल्वेचे लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना कोळशाच्या डांबरापासून काढलेलं क्रिओसोट पाजत असत. उन्हात तापलेल्या रुळांजवळ उभं राहिलं की जो वास यायचा, तो त्याचा. या झुडपाचा वास तसाच, म्हणून गोऱ्या लोकांनी नाव तेच दिलं. झुडपात क्रिओसोट नावाचं द्रव्य मुळीच नसतं. उगाच घाबरू नका.

सेजब्रश म्हणतात ते हेच का? की पिझ्झावर घालतात ते सेज?

तिन्ही वेगळी. पिझ्झा-पास्त्यातलं सेज हे तुळशीच्या कुळातलं. सेजब्रश म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा, करड्या-रुपेरी पानांचं, पानाच्या टोकाला तीन दात असलेलं. ते थंड वाळवंटातलं: नेवाडा, युटा, आयडाहो, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. नेवाडाचं ते राज्यफूल आहे. ऑनलाइन लिलावात नेवाडाच्या उत्तर भागातली स्वस्त जमीन ज्यांनी घेतली आहे, त्यांच्या फोटोत दिसतं ते सेजब्रश. आमच्या फोटोत क्रिओसोट.

आर्टेमिसिया हे नाव मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो दवणा याच प्रजातीतला, आर्टेमिसिया पॅलेन्स. दवणा गोड, सेजब्रश कडक. पण सेजब्रशचं पान चुरडून डोळे मिटले की मला मात्र यात्रा आठवते.

आणि क्रिओसोटचं कूळ विचाराल तर तो आपल्या सराट्याचा, म्हणजे काटे गोखरूचा नातलग. गंमत अशी की सराटा स्वतःही इथे येऊन पोचला आहे आणि सायकलींचे टायर पंक्चर करतो. माझं माहेर माण तालुक्यातलं. लहानपणी पायातून सराटे काढत वाढले, आणि पन्नाशीत कॅलिफोर्नियात तेच करते आहे.

झुडपांवरून जमीन कशी आहे ते कळतं का?

बरंच कळतं. माझ्या मते या झुडपांचा सगळ्यात पहिला उपयोग हाच, आणि फुकटचा.

क्रिओसोट दाट आणि सारखा वाढलेला दिसला तर समजा पाणी निचरून जातं, जमीन फार खारट नाही आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी पडत नाही. त्याखाली हात-दोन हातांवर चुनखडीचा कडक थर लागायची शक्यता मात्र धरून चाला. इथे त्याला कलीची म्हणतात. कुंपणाचा खांब रोवायला गेलात की पहार ठणकन वाजते.

सेजब्रश उंच, माणसाच्या छातीला लागेल असा असेल तर माती खोल आणि चांगली. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी जमीन धरायला आलेले लोक उंच सेजब्रश बघूनच जागा निवडत. उलट, ग्रीसवुड आणि सॉल्टबुश यांचीच गर्दी असेल तर जमीन खारवट, चोपण. आणि एखाद्या पट्ट्यात झुडपं अचानक मोठी, हिरवीगार आणि रांगेत दिसली तर तो कोरडा ओढा आहे. तिथे घर बांधू नका. पाच वर्षं तो कोरडा असेल, सहाव्या वर्षी ऑगस्टच्या एका दुपारी तुमची गाडी घेऊन जाईल.

घेण्याआधी स्वतः जाऊन जमीन पायांनी बघा. नकाशावर बोट ठेवून, फोनवरून घेणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आमच्या ओळखीत दोघांनी तसं घेतलं. एकाची जमीन निम्मी ओढ्यात निघाली आणि दुसऱ्याच्या जमिनीला रस्ताच नव्हता.

पाच एकरच का? हा काय आकडा?

१९३८ मध्ये इथल्या सरकारने कायदा केला, स्मॉल ट्रॅक्ट अॅक्ट. ज्या सरकारी जमिनीचा शेतीला उपयोग नाही तिचे पाच-पाच एकरांचे तुकडे लोकांना द्यायचे, अट अशी की ठरलेल्या मुदतीत तिथे छोटंसं घर उभं करायचं. लोक लॉस एंजलिसहून सुट्टीला येऊन एका खोलीच्या लाकडी खोपट्या बांधत. पाणी नाही, वीज नाही, त्यामुळे बरेच सोडून गेले. त्या पडक्या खोपट्यांना 'जॅकरॅबिट होमस्टेड' म्हणतात. आमच्या जमिनीवरही एक आहे. छप्पर उडालेलं, दारातून आत क्रिओसोट शिरलेला.

पाऊस वर्षाला साधारण १०० मिलिमीटर. माणदेश दुष्काळी म्हणतो ना आपण, तिथे याच्या चौपट-पाचपट पडतो. पाणी टँकरने. तेवढं मात्र अगदी माहेरसारखं.

ही झुडपं किती जुनी असतात?

मोहावीतच, आमच्या पश्चिमेला जॉन्सन व्हॅलीत, एक क्रिओसोट आहे, 'किंग क्लोन' नावाचा. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक व्हासेक यांनी १९८० मध्ये त्याचं वय सुमारे ११,७०० वर्षं मांडलं. एकच खोड इतकी वर्षं जगत नाही. झुडूप बुडाशी बाहेरच्या बाजूने पसरत जातं, मधली जुनी खोडं मरतात आणि उरतं एक कडं. कडं मध्यापासून बाहेरच्या बाजूला वर्षाला एक मिलिमीटरही धड सरकत नाही. किंग क्लोनचं कडं एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत वीस मीटरच्या आसपास आहे, आता हिशोब करा.

आमच्या जमिनीवर एक कडं सापडलं. मी पावलांनी मोजलं, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सहा पावलं, मध्ये नुसती वाळू. वरून ड्रोनने बघेपर्यंत ते कडं आहे हे आम्हाला कळलंच नव्हतं. आम्ही त्यात खुर्च्या टाकून चहा प्यायचो.

झुडपं काढून जमीन साफ करून घ्यावी का?

नको. निदान वर्षभर तरी नको. आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळी वादळ बघा, मग ठरवा.

हे शहाणपण मी विकत घेतलंय. पहिल्याच वर्षी आम्ही एक यंत्रवाला बोलावला आणि घरासाठी म्हणून अर्धा एकर सपाट करून घेतला. दोन तासांत काम झालं. नवऱ्याने फोटो काढून गावी पाठवला, तिकडून उत्तर आलं, "आता कशी रानासारखी दिसतेय." आठवडाभरात वारा सुटला. झुडपांनी आणि मातीच्या पातळ कवचाने धरून ठेवलेली सगळी धूळ उठली. शेजारी म्हणजे अर्धा मैल लांब, तरी त्यांच्या सोलर पॅनेलवर आमची माती. त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण पुढच्या वेळी आम्ही नेलेले लाडू घेताना बाई हसल्या नाहीत. हात दाखवून अवलक्षण.

त्या अर्ध्या एकरावर सात वर्षांत क्रिओसोटचं एकही रोप उगवलेलं नाही. उगवली ती सहारा मोहरी. हो, आपल्या मोहरीचीच बहीण, बाहेरून आलेलं तण. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ या काळात, जनरल पॅटन यांनी सुरू केलेल्या तळांवर इथल्या वाळवंटात रणगाड्यांचा सराव चालायचा. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. तेव्हा आपला अर्धा एकर कधी भरून येईल याची चर्चा घरात होत नाही.

धूळ नुसती डोळ्यांत जाते म्हणून वाईट नाही. कॅलिफोर्निया आणि अॅरिझोनाच्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. माती उकरली की तिचे बीजाणू हवेतून फुप्फुसात जातात आणि 'व्हॅली फीव्हर' होतो. बऱ्याच जणांना काही होत नाही, काहींना फ्लूसारखा ताप, आठवडेच्या आठवडे खोकला आणि थकवा, आणि थोड्यांना गंभीर आजार. तो माणसापासून माणसाला लागत नाही. पण इथल्या मातीत काम करून आल्यावर खोकला राहिलाच, तर डॉक्टरांना 'मी वाळवंटात माती उकरत होतो' हे स्वतःहून सांगा. दूरच्या राज्यातल्या डॉक्टरच्या ते डोक्यात येईलच असं नाही.

कायद्याचंही बघा. आमच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत दहा फूट किंवा त्याहून मोठं क्रिओसोटचं कडं संरक्षित आहे, परवान्याशिवाय काढता येत नाही. म्हणजे आमचं चहाचं कडंही त्यात बसतं. जोशुआ ट्री या मोहावीतल्या टोकदार पानांच्या झाडासाठी २०२३ पासून राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. अॅरिझोनात निवडुंग आणि इतर संरक्षित झाडं काढण्याआधी राज्याच्या कृषी खात्याला कळवावं लागतं. तुमच्या काउंटीत काय आहे ते तुमच्या काउंटीलाच विचारा, यंत्रवाल्याला नको.

आणि कासवं. मोहावीतलं वाळवंटी कासव १९९० पासून धोक्यातली प्रजाती म्हणून केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. ते बीळ करतं बहुतेक वेळा क्रिओसोटच्याच बुडाशी, मुळांनी माती धरलेली असते म्हणून. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचं, ते सावलीला येऊन बसतं. दिसलं तर उचलायचं नाही. घाबरून ते साठवलेलं पाणी मूत्रावाटे सोडतं आणि मग उन्हाळ्यात तहानेने मरतं.

याचा काढा करून पितात म्हणे. खरं का?

पितात आणि पिऊ नये. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ऐकून लोक सगळ्यात जास्त नाराज होतात.

इथले मूळ रहिवासी, तोहोनो ओओधाम, पिमा, काविया आणि इतर, पिढ्यानपिढ्या याची पानं औषधाला वापरत आले. पिमांच्या कथेत तर सृष्टीत सगळ्यात आधी उगवलेली वनस्पती हीच. त्यांच्याकडे हे शेगोई. त्यांचं ज्ञान मोठं आहे आणि त्याला माप होतं: किती, कधी, कोणाला. बाजारात 'चॅपराल' नावाने याच पानांच्या गोळ्या आणि चहा आला तेव्हा ते माप गळून पडलं. यकृत सुजल्याची प्रकरणं पुढे आली आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केलं. पानांतलं एनडीजीए हे द्रव्य एकेकाळी तूप-तेल खवट होऊ नये म्हणून खाण्याच्या पदार्थांत घालायचे. तेही १९६८ मध्ये सुरक्षित पदार्थांच्या यादीतून काढलं गेलं.

'पण नैसर्गिक आहे ना?' धोतराही नैसर्गिकच आहे.

मग बाहेरून लावायला?

पानं तेलात मुरवून केलेलं मलम अॅरिझोनातल्या टूसॉन शहराच्या बाजारांत मिळतं. माझ्या कोरड्या टाचांना मी लावते. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर थांबा, कारण काहींच्या अंगावर पुरळ येतं. जखमेवर मी लावत नाही.

शेळ्या पाळल्या तर खातील का?

क्रिओसोट नाही. शेळी बाभळीच्या काट्यातून पाला काढते, पण याला ती नुसतं हुंगून पुढे जाते. राळ खाऊन पचवणारा प्राणी म्हणजे इथला वुडरॅट, जंगली उंदीरच. त्याच्या आतड्यातले जिवाणू त्या विषारी राळेचा निकाल लावतात. शास्त्रज्ञांनी ते जिवाणू काढून घेतले तेव्हा त्या उंदरांनाही ती पानं झेपेनात.

सेजब्रशचं थोडं वेगळं. हिवाळ्यात मेंढ्या ते काही प्रमाणात खातात आणि हरणाच्या चणीचा प्राँगहॉर्न तर त्याच्यावरच हिवाळा काढतो. गाईगुरांना मात्र त्यातली तेलं सोसत नाहीत.

एकूण, आमच्या बाजूला शेळ्यांचा धंदा म्हणजे विकतचा चारा आणि टँकरचं पाणी. हिशोब बसत नाही. शिवाय रात्री कायोटी, म्हणजे इथले कोल्हे, आहेतच.

सरपण म्हणून चालतं का?

पेटतं झकास. राळेमुळे ओल्या डहाळीलाही आग लागते, म्हणून काटक्या पेटवणाला उत्तम.

चुलीत मात्र घालू नका. पहिल्या संक्रांतीला आम्हाला वांग्याचं भरीत करायचं होतं. ट्वेंटीनाइन पाम्सहून मोठी जांभळी वांगी आणली, वाळक्या क्रिओसोटचा जाळ केला, वांगी छान करपली, साल सुटली. सोलायला घेतलं तर बोटांना तोच वास. कांदा, मिरची, कोथिंबीर, वर कच्चं तेल, सगळं घातलं. पहिला घास घेतला आणि नवऱ्याने मला विचारलं, "रस्त्याचं काम चालू आहे का?" भरीत टाकलं, बाजरीची भाकरी दह्याशी खाल्ली. इथे मेस्किट नावाचं काटेरी झाड मिळतं, त्याचा धूर गोड. भरताला ते.

अत्तर, अगरबत्ती, साबण असा काही धंदा?

लोक करतात, छोट्या प्रमाणावर. पाऊस पडायच्या आधीचा वास म्हणून क्रिओसोटचे स्प्रे, साबण, मेणबत्त्या अॅरिझोनातल्या पर्यटकांच्या दुकानांत दिसतात. आपल्या कन्नौजला मातीचं अत्तर काढतात, भाजलेल्या मातीवर पाणी सोडून, तिची वाफ भपका नावाच्या भांड्यात चंदनाच्या तेलात उतरवून. पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिलं, आपले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तो बाटलीत भरून विकत होते. इथे मात्र पाच एकरांतली पानं ओरबाडून वर्षाला काय सुटणार? झुडूप परत वाढायला किती घेतं ते वर वाचलंत.

घरात वास हवा असेल तर एक डहाळी न्हाणीघरात शॉवरजवळ टांगून ठेवा. गरम पाण्याची वाफ लागली की वास येतो. महिनाभर पुरते.

धुपासारखं जाळायचं तर ब्रिटलबुश आहे. पिवळ्या फुलांचं, रुपेरी पानांचं बुटकं झुडूप. खोडातून सुकून आलेला डिंक जाळतात. स्पॅनिश पाद्री तो चर्चमध्ये धूप म्हणून वापरायचे, म्हणून त्याला 'इन्सिएन्सो' म्हणतात. आमच्या दारात चार आहेत. दिवाळीत चिमूटभर घालते, वास ऊदाच्या जवळचा.

यावर लाख येते हे खरं का?

खरं. क्रिओसोटच्या फांद्यांवर एक खवल्या किडा बसतो आणि लाखेसारखी राळ सोडतो. पूर्वी इथले लोक ती गरम करून बाणाला टोक चिकटवायला, टोपली पाणी धरेल अशी लिंपायला, फुटलं मडकं सांधायला वापरत. मी एकदा शोधायला निघाले, तीन तासांत अंगठ्याएवढी मिळाली. दिव्यावर मऊ केली आणि कपाचा तुटलेला कान चिकटवला. कान टिकलाय, कपाला मात्र वास आहे. आपल्याकडचे सोनार पोकळ मण्यांत लाख भरतात, ती वेगळ्या किड्याची.

रबराचं झुडूप म्हणतात ते कोणतं?

ग्वायुली. टेक्सासच्या नैऋत्य भागात आणि उत्तर मेक्सिकोत मूळ. राळेचा उग्र वास, राखाडी पानं, आणि सालीत-खोडात खरंखुरं रबर. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले तेव्हा अमेरिकेने १९४२ मध्ये ग्वायुलीची लागवड तातडीने सुरू केली. युद्ध संपलं, कृत्रिम रबर आलं, आणि उभी पिकं मोडून टाकली. अॅरिझोनात आता पुन्हा त्यावर काम चालू आहे.

त्याचं शास्त्रीय नाव ऐका: पार्थेनियम अर्जेंटॅटम. हो, तेच पार्थेनियम. आपल्या गाजर गवताचं, काँग्रेस गवताचं सख्खं भावंड. एकाने पुण्यापासून सुरुवात करून देशभरच्या बांधांवर कब्जा केला, दुसऱ्याला लोक पाणी घालून वाढवतात. पाच एकरांत हौसेला दहा रोपं लावा, पण टायर होणार नाहीत.

मधमाश्यांसाठी?

छान. वसंतात आणि कधी पावसानंतर क्रिओसोटला पाच पाकळ्यांची पिवळी फुलं येतात. फक्त याच फुलांवर जगणाऱ्या जंगली माश्यांच्या वीसहून जास्त जाती आहेत, बहुतेक एकट्या राहणाऱ्या, जमिनीत बीळ करणाऱ्या. म्हणून मी पेट्या आणून ठेवल्या नाहीत. त्यांच्या ताटात पाव्हणे कशाला बसवा?

वणव्याची भीती?

पूर्वी नव्हती, कारण झुडपांच्या मध्ये मोकळी वाळू असायची आणि आग उडी मारू शकायची नाही. आता मधल्या जागेत बाहेरून आलेली गवतं भरली आहेत. २०२० मध्ये मोहावीत लागलेल्या डोम वणव्यात सुमारे १३ लाख जोशुआ ट्री गेली असा अंदाज आहे. सेजब्रशच्या मुलखात चीटग्रास हे गवत हेच काम करतं, आणि तिथे जास्त वाईट, कारण जळलेला सेजब्रश बुडातून पुन्हा फुटत नाही.

अॅरिझोनात टूसॉनच्या आसपास ज्या गवताविरुद्ध लोक सुट्टीच्या दिवशी कुदळी घेऊन निघतात ते बफेलग्रास. ते म्हणजे आपलं अंजन गवत. कोरडवाहू भागात चाऱ्यासाठी आपण ज्याचं बी पेरतो, तेच. तिकडे जनावरांसाठीच आणलं होतं, ते डोंगरावर चढलं आणि आता सग्वारो निवडुंगांच्या पायाशी आग नेतं. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ फोनवर गप्प होते. त्यांनी बांधावर अंजन लावायला आयुष्य घातलंय.

आमचा घरचा नियम: खोपटीभोवती तीस फुटांत गवत उपटायचं, झुडपांना हात लावायचा नाही.

साप?

आहेत. मोहावी ग्रीन आणि साइडवाइंडर, दोन्ही विषारी, दोन्ही दुपारी झुडपाच्या बुडाशी सावलीत. डहाळी तोडताना आधी काठीने बूड हलवा, मग हात घाला. गावाकडे हेच शिकवलं होतं.

बिया गावी आणून लावल्या तर? आपल्याकडेही दुष्काळच आहे.

नका आणू. परवानगीशिवाय परदेशातून बी आणणं नियमात बसत नाही, हे एक. दुसरं म्हणजे वेडी बाभूळ आठवा. तीही याच खंडातून आली, मेस्किटची बहीण, दुष्काळात सरपण होईल म्हणून आणलेली. आज तिच्यातून वाट काढायला कोयता लागतो. वासाचं, जनावर न खाणारं, बांधावरचं झुडूप हवंच असेल तर आपली निरगुडी आहे की.

मग तुम्ही तिथे जाऊन करता तरी काय?

सासूबाईंचा प्रश्न. गवत उपटतो. टाकीत पाणी भरून घेतो. खोपटीला पत्रे घातलेत, त्यात दोन खाटा आहेत. मी झुडपांची वही ठेवते, कोणतं कधी फुललं. सपाट केलेल्या अर्ध्या एकरावर वाळक्या फांद्या आडव्या टाकून ठेवल्या आहेत, म्हणजे वाऱ्याने आलेलं बी आणि माती तिथे अडेल. मागच्या वर्षी त्यातल्या एका फांदीखाली बर्सेजचं रोप आलं. तेही वासाचंच. इथे बर्सेजच्या आडोशाने क्रिओसोट उभा राहतो म्हणतात, त्यामुळे आमचं लक्ष त्याच्यावर आहे.

बघायला यायचं तर कधी यावं?

फुलं बघायची तर मार्चअखेर ते एप्रिल. वास घ्यायचा तर ऑगस्ट, पण उन्हाचं सांगून ठेवते, दुपारी ४२-४३ अंश असतं. वादळ आलं तर वीस मिनिटांचा पाऊस, आणि पाऊस पोचायच्या आधी पूर्वेकडून वास येतो. तो आला की आम्ही खाटा आत घेतो.

पेट्रोल गावातच भरा, पुढे पंप नाही. फोनला रेंज शेवटच्या दोन मैलांत जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या. पाणी प्रत्येकी दिवसाला चार लिटर धरून आणा, आणि एक जादा डबा गाडीत असू द्या. भाकऱ्यांचं आम्ही बघतो. कोणी वांगी आणणार असेल तर मेस्किटची लाकडंही बरोबर आणा.